वाणात गेलेलं पुस्तक

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊबाईंचा सांगलीहून फोन आला. मी साताऱ्यातल्या आमच्या गॅलरीत गुडघे उन्हाला धरून बसले होते आणि किल्ल्याकडे बघत काहीही न करण्याचा आनंद घेत होते.

"आगं, रागावणार न्हाईस न्हवं?" त्यांनी सुरुवातच अशी केली. "तुज्या पुस्तकांचं खोकं आलं हुतं बघ. त्यातली येकवीस मी काल वाणात लुटली. समद्या बायकांस्नी लय आवडली."

"कुठली पुस्तकं?" मी विचारलं. खरं तर मला कळलं होतं. अशा वेळी माणूस जरा उसंत मिळावी म्हणून प्रश्न विचारतो.

"ती गं, सदाचाराची. समईचं चित्र हाय त्यावर, ती."

मी चहाचा कप कठड्यावर ठेवला.

ते पुस्तक सदाचाराचं नव्हतं. आजवर मराठीत फारसं कुणी हात न लावलेल्या जातीची ती एक फ्रेंच कादंबरी होती, अठराव्या शतकातली, आणि भाषांतर माझं होतं. पाचगणीच्या एका निवासी शाळेत मी तीस वर्षं फ्रेंच शिकवलं. शिकवलं म्हणजे काय, तर पैसेवाल्यांच्या मुलांना पॅरिसच्या हॉटेलात सूप कसं मागवायचं आणि स्टेशनचा रस्ता कसा विचारायचा, एवढंच. त्या भाषेत माणसं प्रेम करतात, भांडतात, देवाला नावं ठेवतात, हे मला ठाऊक होतं. पण अभ्यासक्रमात ते नव्हतं. निवृत्त झाले तेव्हा ठरवलं, आता एक तरी पुस्तक असं मराठीत आणायचं, ज्यात कुणी सूप मागवत नाही.

त्या काळी तिकडे रंगेल कादंबऱ्यांचा एक मोठा बाजार होता. रंगेल हा शब्दही नीट बसत नाही. आपल्याकडचा रंगेल माणूस वाद घालत बसत नाही. पान लावतो, फेटा नीट करतो आणि जायचं तिथे जातो. फ्रेंच रंगेल आधी दोन पानं तत्त्वज्ञान सांगतो. सद्गुण म्हणजे काय, दुर्गुण कशाला म्हणायचं, लाज ही निसर्गाने दिली की शेजाऱ्यांनी, हे सगळं तो समोरच्या बाईला मुद्देसूद पटवून देतो आणि मग दिवा मालवतो. मला त्या दिव्याच्या आधीच्या पानांचं वेड लागलं. दिवा मालवल्यानंतरची पानंही मी गाळली नाहीत, हे प्रामाणिकपणे सांगते.

माझ्या कादंबरीत एक तरुण विधवा आहे, सरदारघराण्यातली. तिच्या वागण्याला बोट लावायला जागा नाही म्हणून शहरभर तिचं कौतुक. तिच्या दिवाणखान्यात रोज संध्याकाळी बायकांच्या घोडागाड्या लागलेल्या. एक घोडदळातला अधिकारी तिला 'धडे' द्यायला लागतो. त्याचं म्हणणं असं की तू सद्गुणी नाहीस, तुला फक्त बघितलं जाण्याची भीती आहे. बाई हुशार. ती सगळे धडे शिकते आणि शेवटी गुरूलाच मागे टाकते. मग एके दिवशी बोभाटा होतो. अधिकारी लढाईवर जातो आणि पदक घेऊन परत येतो. बाईच्या फाटकासमोर गाड्या यायच्या थांबतात. ती गावाकडच्या घरी निघून जाते आणि कादंबरी संपते.

या सगळ्याला लेखकाने मोठी साळसूद प्रस्तावना जोडलेली आहे. आपण हे लिहिलं ते केवळ आयांनी आपल्या लेकींना वेळीच सावध करावं म्हणून, दुर्गुणाचं खरं रूप दाखवल्याशिवाय सद्गुणाची किंमत कळत नाही, वगैरे वगैरे. त्या जातीच्या बहुतेक पुस्तकांना अशी प्रस्तावना असे. लेखकाला माहीत, वाचकाला माहीत, सगळ्यांनी मिळून मान डोलवायची. मी तीही इमानदारीने भाषांतरित केली आणि लेखकाच्या त्याच ढोंगाला शोभेल असं मराठी नाव दिलं: 'सदाचाराचे धडे'. मला ते फार चलाखीचं वाटलं होतं.

छापायला कुणी प्रकाशक तयार होईना, म्हणून सांगलीतल्या एका छापखान्यात पन्नास प्रती काढून घ्यायचं ठरवलं. छापखानेवाले गृहस्थ सज्जन. त्यांच्याकडे मुख्यतः लग्नपत्रिका, गणेशोत्सवाच्या पावत्या आणि भजनी मंडळांची पुस्तकं होतात. मी मुखपृष्ठ कोरं ठेवा म्हणून सांगितलं होतं. त्यांना ते बरं वाटलं नाही. सदाचाराचं पुस्तक आणि कोरं? त्यांनी आपण होऊन, मोठ्या प्रेमाने, वर पाच वातींची पेटलेली समई टाकली, खाली कमळ आणि त्याच्याखाली ठळक अक्षरात माझं नाव. आडनावासकट.

आडनाव माझं तेच जाऊबाईंचं.

पार्सल जाऊबाईंच्या पत्त्यावर पाठवायला मीच सांगितलं होतं, कारण संक्रांतीनंतर मी सांगलीला जाणार होते. "कसलं पुस्तक हाय?" त्यांनी विचारलं होतं. मी म्हटलं, "सदाचाराचं आहे, वहिनी." एवढंच. त्यांनी हात जोडले असतील फोनच्या पलीकडे. खोटं बोलले असं मला त्या वेळी वाटलंही नाही. नावच ते होतं.

हे एवढंच असतं तर मी हसले असते आणि चार जणींची बोलणी खाल्ली असती. पण प्रश्न माझा नव्हता. प्रश्न जाऊबाईंचा होता.

माझे मोठे दीर जाऊन तेव्हा तीन वर्षं होत होती. त्याआधी विश्रामबागेतल्या त्या कॉलनीत जाऊबाईंचं संक्रांतीचं हळदीकुंकू म्हणजे एक प्रस्थ होतं. तासगावकडच्या खेड्यात वाढलेली ही बाई, शाळा सातवीपर्यंत, पण माणसं जोडायची कला अशी की निवृत्त बँकवाल्या आणि प्राध्यापकांच्या बायका रांगेने त्यांच्याकडे यायच्या. दीर गेले आणि पहिल्या संक्रांतीला त्यांनी दार लावून घेतलं. दुसऱ्यालाही. बोलावणीही आली नाहीत. कुणी मुद्दाम अपमान केला असं नाही. फक्त एकेक करून आमंत्रणाची यादी त्यांच्या घरावरून पुढे सरकत गेली.

डिसेंबरात त्यांनी मला फोनवर विचारलं होतं, "औंदा आपन करावं म्हनते. तिळगूळ द्यायला काय हरकत हाय? तुला काय वाटतं?"

"करा की! बिनधास्त करा!" मी म्हटलं. मी फोनवर फार पुरोगामी होते. "आजकाल कोण मानतं हे? मी येते ना मदतीला."

आणि मग मी गेले नाही. आदल्या दिवशी कळवलं की गुडघा दुखतोय. दुखत होता, पण जितका सांगितला तितका नाही. खरं सांगायचं तर मला भीती वाटली होती की वीस थाळ्या मांडलेल्या असतील आणि कुणीच येणार नाही, आणि ते मला बघावं लागेल.

बायका आल्या होत्या. एकवीस जणी. आणि विधवेच्या हातून कुंकवाचे करंडे कसे द्यायचे, स्टीलच्या वाट्या तरी कशा, या विचारात पडलेल्या जाऊबाईंना घरातच एक खोकं दिसलं. सदाचाराचं पुस्तक! त्याला तर कुणी बोट लावणार नाही. त्यांनी निर्धास्तपणे ती वाटली.

तीन वर्षांनी त्यांच्या दारात चपलांचे जोड लागले होते, आणि मी त्या बायकांच्या हातात काय देऊन पाठवलं होतं! कुणीतरी सत्तावीस नंबरचं पान उघडेपर्यंतच सगळं ठीक होतं. मग म्हणायला किती वेळ लागतो: नवरा गेला आणि बाई ही असली पुस्तकं वाटायला लागली.

नवऱ्याला सांगितलं तर त्यांनी पेपर खाली न करता विचारलं, "त्यावर आपलं आडनाव आहे का?" मी हो म्हटलं. "मग पहिली एसटी पकड," ते म्हणाले. आमच्या संसारातला हा सगळ्यात उपयोगी सल्ला.

गुडघ्याने कराडपर्यंत तक्रार केली नाही आणि पुढेही नाही. तीन तास मी खिडकीशी बसून एकच बेत करत होते: पुस्तकं परत गोळा करायची. कारण काय सांगायचं? पानं उलटसुलट लागली आहेत, छपाईत चूक झाली आहे. म्हणजे एक खोटं निस्तरायला दुसरं खोटं. माझ्या कादंबरीतल्या अधिकाऱ्याने शाबासकी दिली असती.

जाऊबाईंनी दारात मला मिठीच मारली. चेहरा खुललेला, घरात अजून तिळाचा वास. "तू आली असतीस तर लय बरं झालं असतं गं. येकवीस जनी! समोरच्या मोठ्या बाई तेवढ्या आल्या न्हाईत. गुडघं दुखत्यात म्हनून निरोप धाडला हुता."

समोरच्या मोठ्या बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. कॉलनीत काय योग्य आणि काय अयोग्य, हे अजूनही त्यांच्याच पसंतीने ठरतं. पूर्वी त्या आणि जाऊबाई रोज संध्याकाळी फाटकाशी उभ्या राहून तासभर बोलत. तेही बंद झालं होतं.

"मग हळदीकुंकू कसं केलंत?" मी विचारलं.

"करंडं टेबलावर मांडून ठेवलं. म्हटलं, ज्येनं त्येनं आपलं लावून घ्या. उगा कुनाला अवघड नगं."

"आणि तुम्हाला कुणी लावलं?"

"मला कशाला लावत्यात?" असं म्हणून त्या चहा टाकायला आत गेल्या. आत जाताना पदर डोळ्यांकडे गेल्यासारखा वाटला. आमच्याकडची रीत अशी की पाहुणीला हळदीकुंकू लावलं की पाहुणीही तेच बोट घरच्या बाईच्या कपाळाला लावते. एकवीस बोटं तिथून गेली होती आणि त्यांचं कपाळ कोरंच होतं.

चहा पिऊन मी पानांची चूक सांगितली आणि पिशवी घेऊन बाहेर पडले.

पहिलं घर बँकेतून निवृत्त झालेल्या बाईंचं. "पानं उलटसुलट?" त्या म्हणाल्या. "माझ्यात तर बरोबर आहेत. मी एकशे बारावर आहे." त्यांनी हे इतक्या पटकन सांगितलं आणि मग इतक्या पटकन गप्प झाल्या, की आम्ही दोघीही कुंडीतल्या शेवंतीकडे बघत राहिलो. पुस्तक मिळालं नाही. झालं की देते म्हणाल्या.

दुसरं घर भाभींचं. सगळ्या कॉलनीचे ब्लाउज त्या शिवतात आणि पूर्वीपासून तिळगुळाला येतात. शिलाई मशीन चालू होतं, शेजारी स्टुलावर सून बसून मोठ्याने वाचत होती. मला बघून ती थांबली आणि मशीनही थांबलं. "हे पुस्तक जरा परत..." मी सुरुवात केली. "नका हो नेऊ," भाभी म्हणाल्या. "ती वाचतीय म्हणून माझे आज चार ब्लाउज झाले. त्या लबाड घोडेस्वाराचं काय होतंय ते तरी कळू द्या. मार खातो का नाही?"

मी म्हटलं, नाही खात. भाभींनी जिभेने चक् केलं आणि पुन्हा पाय मशीनवर ठेवला.

तिसरीकडे भजनी मंडळाच्या प्रमुख. त्यांनी मला आत बोलावलं, दार लोटून घेतलं आणि आवाज खाली आणला. "मी वाचलं. मला काही नाही हो, आमचं वय झालं, आम्ही त्यातून बोधच घेणार. पण शेजारचीकडून मात्र काढून घ्या. तिचं मन कच्चं आहे."

शेजारची म्हणाली, "मला काय होतंय? मी दोन मुली वाढवल्या आहेत, मला जग कळायला हवंच. पण पलीकडे भजनवाल्यांकडे असलं पुस्तक बरं नव्हे."

त्या दुपारी मी चार-पाच घरांत चार-पाच प्रस्तावना ऐकल्या. फ्रेंच लेखकाची एकही ओळ सुटली नाही. कुणी आई म्हणून वाचत होती, कुणी सासू म्हणून, कुणी समाजात काय चाललंय ते कळावं म्हणून. स्वतःसाठी एकही वाचत नव्हती. अडीचशे वर्षांपूर्वीचं ते ढोंग मला भाषांतर करताना परकं वाटलं होतं. इथे ते सहावारी नेसून मला तिळाची वडी देत होतं.

एक प्रत फक्त उघडली गेलेली नव्हती. ती एका आजीबाईंनी देवघरात पोथीशेजारी ठेवली होती आणि मुखपृष्ठावरच्या समईला हळदकुंकू वाहिलं होतं. ती मागायचा मला धीर झाला नाही. शिवाय ती तिथेच सगळ्यात सुरक्षित होती.

रिकामी पिशवी घेऊन परत आले. जाऊबाई ओट्यापाशी खाली बसून सोलाणे सोलत होत्या. मीही समोर बसले, मूठभर हरभऱ्याचे घाटे घेतले आणि सांगून टाकलं. पानं ठीक आहेत, पुस्तकच तसलं आहे.

त्यांचे हात चालूच होते. "घान हाय?"

"थोडं आहे. पण नुसतं तेवढंच नाही."

"तू मला का न्हाई सांगितलंस?"

"तुम्हाला आवडलं नसतं म्हणून..."

"आवडलं नसतं त्ये माझं मी बघितलं असतं," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "सातवी शिकलेली हाय म्हनून सदाचार सांगितलास. कालेजातली असते तर खरं सांगितलं असतंस."

मला इतकी लाज वाटली की वर बघवेना. त्या उघड्यानागड्या पानांचं भाषांतर करताना वाटली नव्हती तेवढी त्या क्षणी वाटली. त्या जे म्हणाल्या ते खरंच होतं.

मग त्या म्हणाल्या, "त्या बायका दारात आल्या, ह्येच माझं लय झालं हुतं. आता कवा येत्यात?" आणि थोड्या वेळाने, "सांग मला. काय हाय त्यात, समदं सांग. मी वाटलंय तर मला म्हाईत पायजे."

मी सांगितलं. सोलाणे सोलता सोलता, कहाणी सांगावी तसं, पहिल्या धड्यापासून. काही ठिकाणी मी अडखळले तर त्या म्हणाल्या, "कळलं, फुडं." एका ठिकाणी त्या तोंडाला पदर लावून हसल्या. शेवटाला आले तेव्हा त्यांनी हातातला घाटा तसाच धरून ठेवला.

"त्या बाप्याला काय झालं?"

"पदक मिळालं."

"अन् बाईला?"

"तिच्या दारात गाड्या यायच्या थांबल्या."

"व्हय," त्या म्हणाल्या. "थांबत्यात." आणि घाटा सोलला.

त्या दोनच शब्दांत बोलल्या, पण माझं अख्खं भाषांतर मला त्यापुढे फिकं वाटलं. त्यांनी रात्री भाकरी केली, मला वाढली, आणि स्वतः अर्धीच खाल्ली.

दुसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला बेल वाजली. मी दार उघडलं. समोरच्या मोठ्या बाई उभ्या होत्या. इस्त्रीची सुती साडी, चष्मा, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. आकारावरून काय ते कळत होतं. त्या हळदीकुंकवाला आल्या नव्हत्या, तेव्हा प्रत कुणाकडून तरी मिळवलेली होती. तक्रार करायला आल्या, दुसरं काय, असं मला वाटलं. जाऊबाई आतून हात पुसत आल्या आणि त्यांना बघून जागीच थांबल्या. तीन वर्षांत त्या बाईंनी हा उंबरठा ओलांडला नव्हता.

"भाषांतर तुम्ही केलंत?" बाईंनी मला विचारलं. मी विद्यार्थिनीसारखी मान हलवली.

त्यांनी वर्तमानपत्र सोडलं. पुस्तकाची पानं लाल शाईने भरलेली होती. "त्रेपन्न मुद्रणदोष आहेत. ऱ्हस्वदीर्घाचा तर आनंदच आहे. पुढच्या वेळी छापण्याआधी मला दाखवत चला."

मजकुराबद्दल एक अक्षर नाही! मी इतका मोठा श्वास सोडला की तो त्यांना ऐकू गेला असावा. त्या खुर्चीवर बसल्या आणि चष्मा काढला.

"आणखी एक. शेवट मला पटला नाही. तो माणूस मोकळा सुटतो ते एक वेळ समजू शकते, ते नेहमीचंच आहे. पण त्या बायका? इतकी वर्षं रोज तिच्या घरी खाल्लं-प्यायलं, तिचं कौतुक केलं. एकसुद्धा तिला भेटायला जात नाही? असं कसं होईल? काय झालं त्यांना?"

मी काही बोलायच्या आत जाऊबाई म्हणाल्या, "गुडघं दुखत आसतील त्यांचं."

बाहेर भाजीवाला ओरडत गेला तो आवाज लांब जाईपर्यंत ऐकू येत राहिला. बाईंच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मी स्वतः बघितल्या. आणि माझ्याही झाल्या असणार, कारण त्या वाक्याचा अर्धा वाटा माझा होता. जाऊबाई मात्र तशाच उभ्या होत्या, हातात फडकं घेऊन. त्यांनी टोमणा मारला नव्हता. त्यांना जे ठाऊक होतं ते सांगितलं होतं.

बाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि टेबलाकडे बघितलं. रथसप्तमीपर्यंत ठेवतात तसे हळदीकुंकवाचे करंडे तिथेच मांडलेले होते. त्या खुर्चीच्या हाताचा आधार घेऊन उठल्या. गुडघे त्यांचे खरंच दुखत होते, उठताना कळलं. त्यांनी करंडा उघडला, आधी हळद, मग कुंकू, आणि जाऊबाईंच्या कपाळाला नीट, सावकाश लावलं. वर्गातल्या फळ्यावर तारीख लिहावी तितक्या काळजीने.

"मी यायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "चुकलंच माझं."

"बसा," जाऊबाई म्हणाल्या. "च्या टाकते. तिळगूळ तरी कुटं घेतलाय तुमी."

मला आठवतं, त्या क्षणी मला जे वाटलं ते सुटका हेच होतं. पुस्तकातून सुटले म्हणून नव्हे. जाऊबाईंचं दार पुन्हा उघडलं म्हणून. आणि ते उघडलं होतं कशाने, तर एका चवचाल घोडेस्वाराच्या गोष्टीने. सदाचाराचं खरंखुरं पुस्तक वाटलं असतं तर ते आज एकवीस देवघरांत कुंकू लावून बसलं असतं आणि समोरच्या बाई समोरच राहिल्या असत्या. लेखकाची ती साळसूद प्रस्तावना खोटी होती असं मी वर्षभर समजत होते. त्या दुपारी मला तितकी खात्री राहिली नाही.

चहा झाला. बाई आणि जाऊबाई फाटकाशी जाऊन उभ्या राहिल्या ते पाऊण तास. भाभींची सून आली आणि खोक्यातली आणखी एक प्रत घेऊन गेली, तिच्या माहेरी मिरजेला हवी होती म्हणे. मी आत एकटीच बसले होते. समोर करंडा उघडा राहिला होता.

दीर गेल्यावरही तीन वर्षं मी या घरात येत होते. वाढदिवसाला, श्राद्धाला, सहज. प्रत्येक वेळी निघताना वहिनी माझ्या कपाळाला कुंकू लावायच्या, आणि मी परत लावीन की काय याची वाट न बघता करंडा लगेच मिटायच्या. आणि मी दर वेळी तो मिटू दिला होता. अडीचशे वर्षांपूर्वीच्या फ्रेंच बाईच्या एकटेपणासाठी मी योग्य शब्द शोधत रात्रीची जेवणं करपवली होती.

जाऊबाई फाटकावरून परत आल्या तेव्हा मी उठून उभी राहिले होते, बोटाला कुंकू घेऊन. मोठ्या बाईंनी लावलेलं अजून ताजं होतं, तरी त्याच्यावरच लावलं. जरा फराटाच झाला. त्यांनी कपाळ पुढे केलं होतं, डोळे मिटले होते, आणि ते तसेच मिटलेले ठेवून त्या म्हणाल्या,

"तुला गं येवढा येळ का लागला?"